सर्वसाधारण भाव : कांद्याच्या लिलावातून संख्याशास्त्राच्या काही मूलभूत संकल्पनांचा परिचय

गोषवारा :
वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांना मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, निर्देशांक व नमुना या संकल्पनांची सूत्रे पाठ असतात; परंतु रोजच्या व्यवहारातील आकडा समोर आला म्हणजे तो यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येत नाही. प्रस्तुत लेखात बागलाण परिसरातील कांद्याच्या लिलावाचा आधार घेऊन या संकल्पनांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बहुलक, भारित मध्य, अपस्करण, आधार, नमुना.

प्रस्तावना

बाजारभावाचा तक्ता वर्तमानपत्रात असो की कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फलकावर, त्यात साधारणपणे चार रकाने असतात : आवक, किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव. सटाणा, नामपूर, उमराणे, लासलगाव अशा नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही बाजार समितीचा कांद्याचा तक्ता याच साच्यात प्रसिद्ध होतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळही हेच रकाने वापरते. केंद्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या 'ॲगमार्कनेट' या बाजारभाव जाळ्यातही तेच आढळतात. बागलाणातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी हा तक्ता दररोज वाचला जातो. असे असूनही 'सर्वसाधारण भाव म्हणजे काय?' असा प्रश्न वर्गात विचारला असता एकमुखाने उत्तर येते, 'सरासरी भाव.' काही विद्यार्थी अधिक धीट असतात. ते किमान व कमाल यांची बेरीज करून तिला दोनने भागतात.

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ही चूक केवळ परीक्षेतील गुणांपुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु माल आज काढावा की चाळीत ठेवावा, व्यापाऱ्याने किती भांडवल उभे करावे, बँकेने किती उचल द्यावी, असे अनेक निर्णय याच एका आकड्यावर घेतले जातात. म्हणून त्याची जात ओळखणे अगत्याचे ठरते.

मध्य, मध्यक आणि बहुलक

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सकाळच्या लिलावात अकरा वाहने उभी आहेत असे मानू. प्रत्येक वाहनाचा स्वतंत्र सौदा झाला. भावाच्या चढत्या क्रमाने त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे आहे (प्रथम वजन क्विंटलमध्ये, नंतर प्रति क्विंटल भाव रुपयांत) :

८ – ४००. १५ – ९००. २० – १,२००. २० – १,३५०. २५ – १,४००. २० – १,४५०. २५ – १,५००. ३० – १,५००. २० – १,५००. २५ – १,७००. २ – २,६५०.

पहिले वाहन गोल्टीचे आहे. शेवटचे दोन क्विंटलचे वाहन निवडून आणलेल्या टपोऱ्या मालाचे आहे. अशा वाहनाला चढा भाव मिळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळाही तेच पटकावते.

आता किमान ४०० आणि कमाल २,६५० यांचा मध्यबिंदू काढला तर तो १,५२५ येतो. अकरा भावांची बेरीज १५,५५० असून तिला ११ ने भागल्यास १,४१४ रुपये हा साधा अंकगणितीय मध्य मिळतो. चढत्या क्रमात बरोबर मधले, म्हणजे सहावे वाहन १,४५० रुपयांचे आहे. हा मध्यक होय. सर्वांत जास्त वेळा, म्हणजे तीनदा आलेला भाव १,५०० आहे, हा बहुलक. आणि प्रत्येक भावाला त्याच्या वजनाने गुणून एकूण विक्री २,९२,००० रुपये आली, तिला एकूण २१० क्विंटलने भागले असता १,३९० रुपये हा भारित मध्य येतो.

एकाच सकाळची, एकाच ओट्यावरची ही पाच उत्तरे आहेत आणि अंकगणिताच्या दृष्टीने पाचही अचूक आहेत. तक्त्यातील 'सर्वसाधारण भाव' हा यांपैकी बहुलकाच्या कुळातील आहे. जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास विकला गेला तो भाव, असा त्याचा आशय असून ॲगमार्कनेटच्या इंग्रजी तक्त्यात या रकान्याला 'मोडल प्राइस' म्हणजे बहुलक भाव असेच नाव आहे. 'मोड' ही संज्ञा संख्याशास्त्रात कार्ल पिअर्सन यांनी १८९५ साली रूढ केली. मराठीत तिच्यासाठी पाठ्यपुस्तकांनी 'बहुलक' हा शब्द स्वीकारला, तर बाजाराने 'सर्वसाधारण' हा शब्द पसंत केला. लेखकाच्या मते बाजाराचा शब्द अधिक बोलका असला तरी अधिक फसवा आहे, कारण 'सर्वसाधारण' ऐकताच मन 'सरासरी'कडे धावते.

या गफलतीची किंमत रुपयांत मोजता येते. सर्वसाधारण भावाला एकूण आवकेने गुणून उलाढाल काढण्याची पद्धत सर्रास आढळते. आपल्या उदाहरणात २१० क्विंटलला १,५०० ने गुणले तर ३,१५,००० रुपये येतात. प्रत्यक्ष विक्री २,९२,००० रुपयांची आहे. अवघ्या अकरा वाहनांत २३,००० रुपये असे कागदावर निर्माण झाले, जे कोणाच्याही हिशेबपट्टीवर नाहीत. एकूण रक्कम हवी असेल तर भारित मध्याखेरीज दुसरा मार्ग नाही, कारण एकूण परिमाणाने गुणल्यावर एकूण रक्कम परत देण्याचा गुण या पाचांपैकी केवळ त्याच्यापाशी आहे.

मग बहुलक निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. मध्यम प्रतीचा माल घेऊन उद्या बाजारात जाणाऱ्या शेतकऱ्याला 'माझ्यासारख्याला काय भाव मिळेल?' हे जाणून घ्यायचे असते. त्याला १,३९० हा आकडा फारसा उपयोगी नाही. त्या भावाने त्या दिवशी एकही वाहन विकले गेलेले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर १,५०० च्या आसपासच आहे. प्रश्न बदलला की योग्य माप बदलते.

येथे बहुलकाचा एक दुबळेपणाही नोंदविला पाहिजे. प्रत्यक्ष लिलावात भाव १,४५१, १,५११, १,५२५ असे पुकारले जातात आणि तोच आकडा पुन्हा येणे हा योगायोग असतो. त्यामुळे भावांचे वर्ग पाडावे लागतात. १,२०० ते १,४०० आणि १,४०० ते १,६०० असे वर्ग पाडले (वरची मर्यादा वगळून) तर आपल्या उदाहरणात पहिल्या वर्गात दोन आणि दुसऱ्यात पाच वाहने येतात. बहुलक वर्ग निर्विवादपणे दुसरा. परंतु तेच वर्ग शंभराने सरकवून १,३०० ते १,५०० आणि १,५०० ते १,७०० असे केले तर दोहोंत तीन-तीन वाहने पडतात आणि बहुलक दुभंगतो. माल तोच, भाव तेच. केवळ कागदावरील रेघ सरकली. वाहनांऐवजी क्विंटल मोजले तर पुन्हा निवाडा होतो : ६५ विरुद्ध ७५. वारंवारता कशाची मोजायची आणि वर्ग कोठे तोडायचे, हे दोन निर्णय आकडेमोडीच्या आधीचे असून ते माणूस घेतो, सूत्र नव्हे.

दोन क्विंटलच्या वाहनाचा प्रभाव

शेवटचे वाहन त्या दिवशी आलेच नाही असे मानू. साधा मध्य १,४१४ वरून १,२९० वर उतरतो. मध्यक १,४५० वरून १,४२५ होतो. बहुलक जागचा हलत नाही. भारित मध्य १,३९० वरून १,३७८ होतो. २१० क्विंटलमधील केवळ दोन क्विंटलने साध्या मध्याला १२४ रुपयांचा हिसका दिला, कारण त्या गणितात दोन क्विंटलचे वाहन आणि तीस क्विंटलची ट्रॉली यांना समान मत होते. टोकाच्या मूल्यांचा मध्यावर प्रभाव पडतो हे वाक्य विद्यार्थी दरवर्षी लिहितात. त्याचा अर्थ हा आहे.

अपस्करणाच्या मापांनाही हेच लागू पडते. किमान व कमाल यांतील अंतर, म्हणजे विस्तार, येथे २,२५० रुपये आहे. ते ऐकून भाव अत्यंत अस्थिर आहेत असा ग्रह होईल. परंतु पहिला चतुर्थक (तिसरे वाहन) १,२०० आणि तिसरा चतुर्थक (नववे वाहन) १,५०० आहे. म्हणजे मधली निम्मी वाहने तीनशे रुपयांच्या पट्ट्यात विकली गेली. तक्त्यातील किमान-कमाल हे दोन रकाने बाजाराची सरहद्द सांगतात, वस्ती सांगत नाहीत.

प्रमाण विचलन काढले तर ते सुमारे ५२० रुपये येते. मध्याशी त्याचे शेकडा प्रमाण, म्हणजे विचरण गुणांक, जवळजवळ ३७ टक्के होतो. हे प्रमाण कोठून आले हे पाहणे उद्बोधक आहे. मध्यापासूनच्या अंतरांचे वर्ग करून जी बेरीज होते तिच्यातील सुमारे ८६ टक्के वाटा फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाहनाचा आहे. वर्ग करण्याची क्रिया दूरच्या मूल्याला अवाजवी वाटावे इतके महत्त्व देते. जोखीम मोजताना ते योग्यही असू शकते, कारण धोका टोकालाच असतो. मात्र गोल्टी आणि निवडक माल यांना एकाच समूहात घालून काढलेले प्रमाण विचलन हे भावाची चंचलता मोजत नसून प्रतवारीतील फरक मोजते आहे, याची जाणीव असावी. एकजिनसी समूह ही संकल्पना पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते. बाजारात ती पहिल्या क्रमांकाची आहे.

स्थिर रकमेची भर

मध्य व प्रमाण विचलन यांच्या गुणधर्मांपैकी एक विद्यार्थ्यांना नेहमी शुष्क वाटतो : प्रत्येक निरीक्षणात समान संख्या मिळविल्यास मध्य तितकाच वाढतो, प्रमाण विचलन बदलत नाही. या गुणधर्माचे जिवंत उदाहरण २०२३ साली मिळाले. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यासाठी महाराष्ट्र शासनाने प्रति क्विंटल ३५० रुपये, प्रति शेतकरी २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. आपल्या अकरा वाहनांना तेच अनुदान लावून पाहू. मध्य १,७६४, मध्यक १,८००, बहुलक १,८५०. सर्व ३५० ने सरकले. प्रमाण विचलन मात्र ५२० च राहिले. विचरण गुणांक ३७ वरून सुमारे २९.५ टक्क्यांवर आला, कारण भाजक वाढला. गोल्टीवाल्याच्या दृष्टीने ही वाढ ८७.५ टक्के आहे, निवडक मालवाल्याच्या दृष्टीने १३ टक्के. उलट भावाच्या शेकडेवारीने दिलेले अनुदान मध्य व प्रमाण विचलन दोहोंनाही त्याच पटीत फुगवते आणि विचरण गुणांक तसाच ठेवते. रुपयांतली दरी त्यामुळे रुंदावते. अनुदानाचे कोणते रूप न्याय्य, हा अर्थशास्त्राचा वादविषय आहे. परंतु त्या वादात उतरणाऱ्याला हा साधा गुणधर्म ठाऊक असणे गरजेचे आहे.

शेकडेवारी आणि तिचा आधार

'कांदा दुप्पट महागला' आणि 'कांदा निम्म्यावर आला' या दोन बातम्या एकमेकींना फेडतात. १,००० चे २,००० झाले, २,००० चे पुन्हा १,००० झाले. परंतु पहिलीत वाढ १०० टक्के आणि दुसरीत घट ५० टक्के असते. आधार बदलतो म्हणून शेकडा बदलतो. हे समजायला सोपे आहे. चाळीतला आधार ओळखणे त्याहून अवघड.

समजा, एका शेतकऱ्याजवळ एप्रिलअखेर १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे आणि भाव १,२०० रुपये आहे. त्याने तो चाळीत भरला. सप्टेंबरमध्ये भाव १,६०० झाला. भाववाढ ३३ टक्के. गावात तो शहाणा ठरला. परंतु दरम्यान वजनातील घट, सड आणि कोंब फुटणे यांमुळे विक्रीयोग्य माल ७२ क्विंटल उरला असेल तर हाती १,१५,२०० रुपये येतात. एप्रिलमध्ये १,२०,००० आले असते. भाव ३३ टक्क्यांनी चढला आणि पैसा ४ टक्क्यांनी घटला. चाळीचा खर्च, मजुरी आणि पाच महिन्यांचे व्याज अजून हिशेबात धरलेलेच नाही. केवळ बरोबरी साधण्यासाठी त्याला १,६६७ रुपये भाव मिळायला हवा होता. २८ टक्के घट भरून काढण्यास २८ टक्के वाढ पुरत नाही, सुमारे ३९ टक्के लागते. कारण घट शंभरावर मोजली आणि वाढ मात्र उरलेल्या बहात्तरांवर मिळवायची आहे.

निर्देशांक हे आधाराच्याच कल्पनेचे विस्तृत रूप आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेअर यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आधारवर्षातील परिमाणे भार म्हणून स्थिर ठेवली जातात. पाशे यांच्या १८७४ च्या पद्धतीत चालू वर्षाची परिमाणे घेतली जातात. २०१२ = १०० हे आधारवर्ष असलेल्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार सुमारे ०.६४ टक्के होता. म्हणजे आधारवर्षाच्या तुलनेत कांद्याचा भाव दुप्पट झाला व इतर काहीच बदलले नाही तर शंभराचा निर्देशांक १००.६४ होतो. ग्राहकाच्या टोपलीत कांदा इतका लहान आहे. बागलाणातल्या एखाद्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या टोपलीत तो निम्म्याहून अधिक असू शकतो. एकच भाववाढ दोन वेगळ्या भारांनी मोजली जाते आणि दोन वेगळ्या वादांना जन्म देते. निर्देशांक कोणाच्या टोपलीचा आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी सूत्र लिहिण्यापूर्वी विचारावा.

सहसंबंधाविषयी

आवक वाढली की भाव पडतो, म्हणून आवक व भाव यांत ऋण सहसंबंध असावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु मे २०२३ ते मे २०२५ अशा दोन वर्षांच्या आकड्यांवर थेट सहसंबंध गुणांक काढणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण शुल्क व किमान निर्यात मूल्य राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. हे वेगवेगळे बाजार आहेत. त्यांतील बिंदू एकाच आलेखावर टाकले तर प्रत्येक कालखंडातील ऋण संबंध एकत्रित आकृतीत पुसट होऊ शकतो किंवा उलटाही दिसू शकतो. अशा वेळी गुणांकाची आकडेमोड करण्याआधी आलेख काढावा आणि बिंदूंवर तारखा लिहाव्यात. कंटाळवाणे काम आहे, पण संगणक ते आपणहून करीत नाही.

नमुना

लिलावाच्या वेळी व्यापारी ट्रॉलीच्या वरच्या थरातील आणि फाळका उघडून सांडलेला थोडा कांदा पाहतो व बोली लावतो. समग्राविषयी नमुन्यावरून अनुमान करण्याचे हे अस्सल उदाहरण आहे. परंतु हा नमुना यादृच्छिक नाही. ट्रॉली भरताना चांगला माल वर राहील अशी काळजी घेतली जाते. घेतली नाही तरी हादऱ्यांनी लहान कांदा खाली सरकतो. पुढे खळ्यावर माल खाली करताना तळाचा कांदा वेगळा निघाला म्हणजे वांधा उभा राहतो आणि ठरलेला भाव कमी करण्याची मागणी होते. दोन्ही बाजू एकमेकांवर लबाडीचा आरोप करतात. संख्याशास्त्राच्या भाषेत मात्र येथे लबाडी सिद्ध करण्याची गरज नाही. नमुना पूर्वग्रहदूषित आहे, एवढे पुरे. आणि असा पूर्वग्रह नमुना मोठा केल्याने जात नाही. वरच्याच थरातील एक टोपलीऐवजी चार टोपल्या पाहिल्या तर यादृच्छिक त्रुटी निम्मी होईल, कारण ती नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. परंतु तळाच्या मालाविषयीचे अज्ञान तेवढेच राहील.

याच प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने शेताच्या बांधावर केला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची उभारणी केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. उत्पादनाचा अंदाज घेताना कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन जास्त दिसते, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले. तुकड्याच्या सीमेवरचे रोप आत की बाहेर असा संशय आला की मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने सीमा लांब आणि अशी रोपे अधिक. येथे कोणीही लबाड नाही. तरीही त्रुटी एकाच दिशेची आहे.

२०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळातील मोजक्या पीक कापणी प्रयोगांवरून त्या मंडळाचे सरासरी उत्पादन ठरविले जाते आणि नुकसानभरपाई त्या सरासरीशी जोडलेली असते. तेथे कापणी लहान तुकड्यांवर झाली आणि उत्पादन काहीसे चढे दिसले, तर भरपाई घटते. ज्याचे शेत नमुन्यात आलेच नाही त्याचीही. आपल्या मंडळात कापणीसाठी शेतांची निवड यादृच्छिक क्रमांकांवरून झाली का, तुकडा किती मीटरचा आखला, आणि दोरी धरताना सीमेवरच्या रोपांचे काय केले, हे तीन प्रश्न घेऊन वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या पीक कापणी प्रयोगास उपस्थित राहावे. तो प्रयोग ग्रामस्थांसमोर उघड्या शेतात होतो.